सात वाटांचं स्टेशन

भात कापायला आलं की आमच्या घरात रशियाचा विषय निघत नाही. एरवी वर्षभर निघतो. मी थंडीत दोन गोधड्या अंगावर घेतल्या की माझी मुलगी मयूरी हसते आणि उणे पंचवीसच्या सकाळची गोष्ट सांगते. लोणचं मुरलं की म्हणते, तिकडे काकड्या अशाच मोठाल्या बरण्यांत घालून ठेवतात. पण दसरा उलटला, आमच्या पोशीर गावच्या खाचरांवर तो पिवळा रंग चढला आणि सकाळी दार उघडल्याबरोबर कापलेल्या भाताचा ओलसर गोड वास नाकात शिरला, की आम्ही दोघी त्या एका शब्दाला वळसा घालून चालतो. बांधावर साप दिसला की माणूस न बोलता दुसऱ्या बांधाने जातो, तसं.

माझे यजमान गेल्यानंतरची ही तिसरी कापणी. उभ्या जन्मात मी त्यांना नावाने हाक मारली नाही, तेव्हा इथेही 'हे'च म्हणणार. हे रेल्वेत पॉइंट्समन होते, सगळी नोकरी कर्जत स्टेशनात. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढायला मागून जोर लागतो, म्हणून कर्जतला तिच्या शेपटीला जादा इंजिनं जोडतात. ती जोडायचं काम यांचं. प्रवाशांना कर्जत म्हटलं की वडा आठवतो. मला आठवतो तो गाडीला मागून बसणारा हलकासा धक्का. बाकावर ठेवलेला चहा त्या धक्क्याने सांडला तर हे म्हणायचे, नवा माणूस दिसतोय. स्वतःच्या हातच्या धक्क्याने चहा कधी सांडला नाही असा त्यांचा दावा होता. तो तपासायला मी कधी गेले नाही. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण, मला मुलांचे धक्के पुरेसे होते.

मयूरीला डॉक्टर व्हायचं होतं आणि इथल्या प्रवेशाला गुण थोडे कमी पडले. रशियातल्या एका मोठ्या शहरात जागा मिळते असं कळलं, तेव्हा नातेवाइकांनी शंभर प्रश्न विचारले. तिकडे भात मिळतो का, पोरी सुरक्षित असतात का, परत आल्यावर लग्न जमेल का. यांनी एकच विचारला. "इस्टेशन हाय का तिथं?"

स्टेशन होतं. नुसतं होतं असं नाही, तिथून सात दिशांना रूळ फुटत होते. शहराचं नाव येकातेरिनबुर्ग. ते तोंडात बसवायला मला आठवडा लागला, यांनी पहिल्याच दिवशी त्याचं 'बुर्ग' करून टाकलं. पोशीरला तर ते 'मयूरीचं बुरूग' झालं. मयूरी गेल्यावर पहिल्या दिवाळीत यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्या शहराचा नकाशा काढायला घेतला. घरं नाहीत, रस्ते नाहीत, मुलीचं कॉलेजसुद्धा नाही, फक्त रूळ. मधे एक गोल आणि त्यातून सात रेघा. पर्म, कझान, चेल्याबिन्स्क, कुर्गान, त्युमेन, निझ्नी तागील आणि सातवं येगोरशिनो, जे लिहिताना त्यांनी तीनदा खोडलं. मयूरी फोनवर नाव सांगायची, हे परत विचारायचे, मी शुद्धलेखन तपासायची. संसारात आम्ही तिघांनी मिळून केलेलं एवढंच एक काम मला आठवतं. बाकी सगळं एकेकट्याने केलं.

"कर्जतला चार वाटा, तिथं सात," हे येईल त्याला सांगायचे. मग त्यांचा प्रामाणिकपणा आड यायचा आणि ते पुढे जोडायचे की खोपोलीची वाट म्हणाल तर ती खरी पळसदरीला फुटते, तेव्हा कर्जतच्या तीनच धरा. ऐकणारा तोपर्यंत उठलेला असायचा.

रविवारी मयूरीला सुट्टी असायची. तिच्या मैत्रिणी बाजारात जायच्या आणि ही बापासाठी स्टेशनात. थंडीने लाल झालेलं नाक, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि फोन मात्र फलाटाकडे वळवलेला. बापाला लेक कमी आणि डबे जास्त दिसायचे. तिथले रूळ आपल्या रुळांपेक्षा सहा बोटं तरी अरुंद आहेत हे यांनी फोनवर बघून ओळखलं आणि नंतर ते खरं निघालं. पहिल्या वर्षी त्या स्टेशनातली घड्याळं दोन तास मागे असायची, कारण देशभरातल्या सगळ्या गाड्या मॉस्कोच्या वेळेवर धावायच्या. गावात सकाळचे दहा आणि फलाटावर आठ. पुढे ती पद्धत बंद झाली तेव्हा यांना उगाच वाईट वाटलं. शहराचं जुनं नाव स्वेर्दलोव्स्क. नाव बदललं, पण तिथल्या रेल्वेने आपलं नाव अजून जुनंच ठेवलंय, हे ऐकल्यावर मात्र ते इतके खूश झाले की भावाला मुद्दाम फोन करून सांगितलं. "रेल्वे काय इसरत नाय," म्हणाले.

आणि ती हातोडी. गाडी मोठ्या स्टेशनात थांबली की तिथे एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याडब्याच्या खाली ठोकत जातो. टण्, टण्, टण्. आवाज बद्द आला तर काहीतरी बिघडलं आहे असं समजायचं. आपल्याकडेही पूर्वी होतं हे, यांनी नोकरीच्या सुरुवातीला पाहिलं होतं. मयूरीने तो आवाज फोनमध्ये साठवून पाठवला. जेवण झाल्यावर पान खावं तसं हे तो आवाज ऐकायचे. मला त्यात काय ते कळायचं नाही. दोन टण्मध्ये काय फरक असतो असं विचारलं तर म्हणायचे, तुला वही बघून कळतं ना पोराला येतंय का नाय, तसं.

तिकडची वेळ आपल्यापेक्षा अर्धाच तास मागे. इतक्या लांबच्या देशात फक्त अर्धा तास, याचं मला नवल वाटायचं. आपण आंघोळ करून येईपर्यंत ती आपल्या वेळेला पोचलेली असायची. हे घड्याळ बघून मधूनच म्हणायचे, आता तिची साडेसात झाली, आता उठली असंल. एकदा तिकडे जायचं, बुर्गवरून मॉस्कोची गाडी पकडायची, खिडकीशी बसून सव्वीस तास नुसतं बघत राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पासपोर्टही काढला होता. त्याच्यावरचा फोटो इतका गंभीर आला होता की मयूरी म्हणाली, बाबा, तुम्हाला कोण आत सोडणार नाही.

मयूरीचं शेवटचं वर्ष चालू झालं त्या गणपतीत यांना जेवण जाईना. मोदक हातात घेतला आणि परत ठेवला. पनवेलच्या डॉक्टरांनी पोटाच्या तपासण्या केल्या आणि मला एकटीला आत बोलावलं. गाठ होती, पसरली होती. दिवाळी होईल, त्यापुढचं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. अगदी हळू आवाजात म्हणाले, कारण दाराबाहेर हे बसले होते.

बाहेर येऊन मी सांगितलं, जठराला सूज आहे. गोळ्या नेमाने घेतल्या तर झोडणीपर्यंत उभे राहाल.

हे बरं म्हणाले. एवढंच. ज्या माणसाने सगळ्या नोकरीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक कडी जोडली नाही, त्याने माझं हे वाक्य कागद न मागता घेतलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मला वाटलं, माझ्यावर किती विश्वास.

आमच्याकडे हे असंच करतात. माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कावीळ सांगितली होती, माझ्या आईला संधिवात. आजाऱ्याला खरं सांगायचं नाही, लांब असलेल्याला खरं सांगायचं नाही, वाटेत असलेल्याला तर मुळीच नाही. हे कोणी शिकवत नाही. घरातल्या बायका करतात आणि पुढच्या बायका बघून करतात. मी शाळेत पोरांना खरं बोलावे म्हणून फळ्यावर लिहिलं असेल हजार वेळा, आणि घरच्या माणसाशी बोलताना पहिलं खोटं माझ्याच तोंडून इतकं सहज निघालं की मला त्याचं काही वाटलंही नाही.

यांना पोशीरला जायचं होतं. कर्जतच्या घरात भिंती दिसतात म्हणाले. तिथे धाकटे दीर, म्हणजे आमचे बाळाभाऊजी, शेती बघतात. पडवीत खाट टाकली. समोर खळं सारवून तयार होतं. दिवाळी झाली तशी कापणी सुरू झाली. सकाळी दवाने ओलं झालेलं भात, मग उन्हाने चढत जाणारा तो वास, बायकांच्या विळ्यांचा कर्रकर्र आवाज, खाचरात उतरलेले बगळे. दुपारनंतर झोडणी. भाताची पेंढी दोन हातांनी उचलून लाकडावर आपटायची, धप्, आणि दाणे खाली. भुसा पडवीपर्यंत उडायचा आणि यांच्या पांढऱ्या मिशीत अडकायचा. मी ओल्या फडक्याने पुसायची. हे पडल्या पडल्या भावाला सूचना द्यायचे, पेंढ्या आडव्या नको लावू रं, ओल धरतील. बाळाभाऊजी ऐकून घ्यायचे. ते तर जन्मभर तेच काम करत आले होते.

संध्याकाळी वारा पडला की लांबून, भिवपुरीच्या बाजूने, मालगाडीचा भोंगा यायचा. हे मान वळवायचे.

मयूरीला मी सांगितलं होतं, पोटाचं दुखणं आहे, काळजी नको. मग जेवण अगदीच तुटलं तेव्हा म्हटलं, सुट्टी मिळाली तर येऊन जा.  ती म्हणाली, दुबईवरून विमान आहे, बघते, मिळालं तर दुसऱ्या दिवशी पोचेन.

मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. लेक परीक्षा सोडून, विमान पकडून, दोन दिवसांत दारात उभी राहिली तर यांना सगळं कळेल. मी इतके दिवस सांभाळलेलं सगळं तिच्या एका पावलाने मोडेल. तेव्हा मी फोनमध्ये म्हटलं, "अगं एवढी घाई काय? सवडीने ये."

हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा ऐकलं असेल. भांडी घासताना, खोपोलीला बाजारात, रांगेत. सवडीने ये.

दुसऱ्या दिवशी मयूरीचा फोन आला. विमान नको, पहाटेच्या गाडीने मॉस्कोला जाते, तिथून दिल्लीचं विमान घेते. म्हणजे दोन दिवस जास्त. मला हायसं वाटलं. हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तेव्हा तसंच वाटलं होतं. यांना सांगितलं तर यांचे डोळे चमकले. म्हणाले, आपली गाडी पकडतेय पोरगी. कुठली स्टेशनं, किती थांबा, सगळं त्यांना पाठ होतं. मला वाटलं, बघा, मरणाच्या दारात सुद्धा या माणसाला गाडीचंच कौतुक. आणि थोडा रागही आला.

तिच्या प्रवासाचा तो सबंध दिवस मला अजून तसाच्या तसा दिसतो. खाटेला टेकू देऊन यांना अर्धं बसवलं. फोन त्यांनी स्वतः धरला. मी म्हटलं, स्पीकरवर टाका, मीही ऐकते. नको म्हणाले, बाहेर धपधप चाललीय, कानाशीच बरं. मी उशाशी बसून पंखा हलवत होते. साडेदहाला पर्म आलं. मला फक्त यांचीच बाजू ऐकू येत होती. "हं. कितव्या फलाटाला? बरं. पूल यायचाय म्होरं, कामा नदीचा. मोठी नदी हाय. उजव्या हाताला बघ." मग बराच वेळ नुसतं हं, हं. मग, "गार्डानं झेंडी दावली का? मंग जा आत."

अडीचच्या सुमाराला बालेझिनो. तिथे तारेतल्या विजेची जात बदलते म्हणून गाडीचं इंजिन बदलतात, गाडी बराच वेळ थांबते. हे मला त्यांनी कितीदा तरी सांगितलं होतं. मयूरी खाली उतरून पुढे चालत गेली असावी, कारण यांनी डोळे मिटले आणि फोन कानाला घट्ट दाबला. एकदम त्यांचा चेहरा हलला. नवं इंजिन गाडीला लागलं होतं. "बघ, कसा लावला," म्हणाले, "पान्याचा थेंब नाय सांडायचा." आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पदराने पुसलं आणि विचारलं, दुखतंय का? नाय म्हणाले. नोकरी आठवली असेल, असं मला वाटलं. मी त्यांना चमचाभर पाणी पाजलं आणि म्हटलं, आता दोन दिवसांत येतेय ती, झोडणीला सगळेच असू. तेही हो म्हणाले.

दिवे लावायच्या वेळेला किरोव. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता, मला शेजारी असूनही तुटक ऐकू येत होता. हातोडी ऐकू येते का विचारत होते. मग बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "थंडी हाय ना तिथं. जा बाय, आत जाऊन बस." फोन माझ्या हातात दिला आणि डोळे मिटले. मजूर बायका घरी निघाल्या होत्या. त्यांच्या बोलण्याचा आवाज बांधावरून लांब लांब जात असताना हे गेले.

निझ्नी नोवगोरोदहून मयूरीचा फोन आला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. मी मागच्या दाराने बाहेर जाऊन फोन उचलला आणि सांगितलं, झोपलेत. तिकडून नुसता फलाटाचा गलबला आला. मग बरं म्हणाली. मॉस्कोहून केला तेव्हा मी फोन बाळाभाऊजींच्या हातात दिला. तेवढंही मला जमलं नाही.

मोठ्या माणसांनी सांगितलं, ठेवू नये. सकाळीच नेलं. भाऊजींनी अग्नी दिला. मयूरी पोचली ती तिसऱ्या दिवशी, राख सावडून पुरुष मंडळी परत येत होती तेव्हा. भाऱ्यांनी वाट अडली होती म्हणून गाडी अलीकडेच थांबली, आणि ती बॅग हातात घेऊन बांधावरून चालत आली. पायांत अजून तिकडचे जाड बूट. कोणी रडायला लावायच्या आत ती माझ्याजवळ आली, बसली, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मला काही विचारलं नाही. नंतर एकदा मी तिला माझ्या जावेशी, बाळाभाऊजींच्या बायकोशी, बोलताना ऐकलं. विमानाने यायला हवं होतं का गं काकी, असं ती म्हणत होती. मी दाराआड उभी होते. त्याच क्षणी आत जाऊन सांगायला हवं होतं की तुझी चूक नाही, मी तुला घाई नको म्हटलं, मी लपवलं. मी पाण्याचा हंडा उचलून विहिरीकडे गेले.

तीन वर्षं मी तिला ते ओझं वाहू दिलं. ती परत रशियात गेली, डिग्री घेऊन आली, इथली परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाली. आता खोपोलीजवळच्या शिळफाट्याच्या एका छोट्या दवाखान्यात आहे. कर्जतहून खोपोलीची गाडी आहे, पण ती स्कूटरने जाते. पावसात भिजत जाते, रेनकोट असून भिजते. मी एकदा म्हटलं, अगं गाडीने जा. नको म्हणाली. ती का नको म्हणते ते मला कळतं असं मला वाटायचं, आणि रोज सकाळी तिची स्कूटर वळेपर्यंत मी दारात उभी राहायची. बापाचं तोंड शेवटचं बघायला न मिळणं ही एक गोष्ट. ते आपल्या चुकीने मिळालं नाही असं समजत जगणं ही दुसरी. पहिली देवाने केली असं म्हणता येतं. दुसरी मी केली होती.

गेल्या रविवारी आम्ही पोशीरला होतो. आता झोडणी कमी लोक करतात, मशीन येतं, अर्ध्या तासात सगळं मोकळं. पण भाऊजी बियाण्यापुरतं भात अजून हातानेच झोडतात. संध्याकाळ होती. आम्ही दोघी खळ्याच्या कडेला सुपात दाणे घेऊन बसलो होतो.  मयूरी आपणहून बोलायला लागली. दवाखान्यात खालापूरकडचा एक पेशंट आहे. त्याची बायको तिला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाली, डॉक्टरबाई, यांना काय सांगू नका. हात जोडले, पाया पडायला वाकली. मयूरीला काय करावं कळेना.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

अजून काहीच नाही म्हणाली. आणि माझ्याकडे बघितलं नाही. सूप हलवत राहिली.

त्यावर मात्र मला राहवेना. मी सगळं सांगितलं. पनवेलच्या डॉक्टरांनी एकटीला बोलावलं तिथपासून. दुबईचं विमान, माझी भीती, घाई काय म्हणाले ते, तिने गाडीने यायचं ठरवल्यावर मला बरं वाटलं तेही. तुझी काही चूक नाही, मी तुझं शेवटचं बघणं बुडवलं, असं म्हणाले. तोंडातून शब्द येत होते आणि हात सुपातले दाणे खालीवर करत होते. एकही दाणा नीट निवडला गेला नाही.

मयूरीने सूप माझ्या हातातून काढून घेतलं.

"मला ठाऊक होतं गं आई," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं होतं."

तू मजुरांना चहा द्यायला खळ्यावर गेली होतीस तेव्हा त्यांनी फोन केला होता, असं तिने सांगितलं. मी विमान बघते म्हटल्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्यांना सगळं माहीत होतं. पनवेलच्या दवाखान्यात दाराबाहेर बसले होते तेव्हाच माहीत झालं होतं, तू बाहेर आलीस तेव्हाचं तोंड बघून. मयूरी बापाच्या बोलीत बोलायला लागली, तिच्या लक्षात न येता.

"म्हणाले, मयू, माजं काय आता खरं नाय. तू विमानानं निघालीस तं दिसभर फोन बंद. आन् आलीस तरी मी गावंन का नाय, काय भरोसा नाय. त्यापरीस गाडीनं निघ. आपली सगळी टेशनं लागतील. बोलत बोलत ये."

तिने सूप बाजूला ठेवलं.

"आणि म्हणाले, आईला यातलं काय बोलू नको. तिला वाटतंय मला कळलं नाय. तेवढाच तिला टेकू हाय."

मग काकीशी विमानाचं का बोललीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, वाटतं कधी कधी. त्यांचं ऐकलं ते बरोबर केलं का, असं अजूनही वाटतं. आणि गाडीत का बसत नाहीस? गाडीत बसलं आणि स्टेशन आलं की हात फोनकडे जातो, म्हणाली. निझ्नीला तू झोपलेत म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं, आई. बाबा म्हणाले होते, निझ्नीपर्यंत मी जागा राहतो. मी परत डब्यात येऊन बसले. डब्याची देखरेख करणारी एक बाई होती, कोळशाच्या बंबाशी उभी असायची, तिने काही न विचारता चहा आणून ठेवला आणि माझ्याजवळ बसली. मॉस्को येईपर्यंत बसली.

अंधार पडत चालला होता. भाऊजी पेंढे रचत होते. मी एकच गोष्ट विचारली, जी विचारायला नको होती. इतके सगळे तास तुम्ही बापलेक काय बोललात? मी शेजारीच होते, मला तर फलाट, पूल, झेंडी आणि हातोडी एवढंच ऐकू आलं.

मयूरी म्हणाली, मी बोलत होते. सगळं बोलले. लहानपणचं, त्यांच्यावर रागावले होते ते, मला काय काय व्हायचंय ते. रडलेसुद्धा. बालेझिनोला तर मला बोलवतच नव्हतं. त्यांना उत्तर द्यायचं असायचं तेव्हा ते गाडीचंच काहीतरी बोलायचे.

"का गं?"

"तू बाजूला होतीस ना."

आठ दिवस झाले या गोष्टीला. लोक म्हणतील आता तरी मन हलकं झालं असेल. एका अर्थी झालंही आहे, मयूरी कालपासून खोपोलीच्या गाडीने जायला लागली. पण आमचा बत्तीस वर्षांचा संसार, आणि शेवटच्या दोन महिन्यांत आम्ही नवराबायको एकमेकांशी एक खरं वाक्य बोललो नाही. मी त्यांना जपत होते आणि ते मला. त्यांना बोलायचं होतं हे उघड आहे, त्यासाठी त्यांनी लेकीला दोन दिवस उशिरा यायला लावलं. आणि मग त्या दिवशीही लेकीला काय सांगायचं होतं ते त्यांना नदीच्या आणि झेंडीच्या आडून सांगावं लागलं.

मी जरा उठले असते तर. चहाला, पाण्याला, नुसती अंगणात जरी गेले असते तर तेवढ्यात त्यांना दोन शब्द मोकळे बोलता आले असते. माझी जाऊ त्या दिवशी दोनदा म्हणालीसुद्धा, वहिनी, सकाळपासून बसल्यायत, जरा पाय मोकळे करा, मी बसते. मी तिला म्हटलं, नको, आज मी यांना एकटं सोडायची नाही.